हॉब्सन-जॉब्सन: घ्यायचा तर अख्खाच घ्या

कंपनी सरकारच्या काळातले इंग्रजी कागद वाचताना नेहमीची डिक्शनरी हात टेकते. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल मुंबईकर इंग्रज लिहितात तेव्हा जिथे तिथे ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ येतात. साध्या डिक्शनरीत ग्रॅब म्हणजे हिसकावणं, म्हणजे वाक्याचा पार विचका. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या कोशात पाहिलं की कळतं, एक आपली गुराब आणि दुसरं गलबत, दोन्ही जहाजंच. माझं कुलाब्याच्या इतिहासाचं काम चालू असतं, त्यामुळे हा कोश टेबलावरून हलत नाही.

पहिली आवृत्ती १८८६ ची. बर्नेल १८८२ मध्येच वारले, काम यूल यांनी तडीस नेलं. विल्यम क्रुक यांनी संपादित केलेली दुसरी आवृत्ती १९०३ ची, आणि मी शिफारस करते ती हीच. हिच्या शेवटी भरघोस सूची आहे. ती फार लागते, कारण नोंदी साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तशा लावलेल्या आहेत. कोशाचं नावच मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’चं गोऱ्या शिपायांनी केलेलं रूप आहे.

खरी किंमत आहे ती सालवार अवतरणांची. ‘मोर-द-शियें’ ही नोंद काढा. फ्रेंचमध्ये अर्थ ‘कुत्र्याचं मरण’, आणि रोग पटकीचा. मूळ शब्द मात्र आपल्या कोकणातली मोडशी! पोर्तुगीजांनी तिचं ‘मोर्देशी’ केलं आणि फ्रेंचांना त्यात कुत्रा ऐकू आला. १५४३ सालच्या गोव्यातल्या साथीचं गास्पार कोरिया या पोर्तुगीज इतिहासकाराने केलेलं वर्णन, मग १५६३ चा गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, मग पुढचे प्रवासी. रोग्याच्या टाचेला डाग देण्याचा उपायही त्यांच्या लिखाणात येतो. आमच्याकडे पोट बिघडलं तर म्हातारी माणसं अजून ‘मोडशी झाली’ म्हणतात. इंग्रजीतून तो शब्द केव्हाच गेला.

मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या नोकरदारांना ‘डक’ म्हणत, तेही इथेच सापडतं. नव्याने आलेला गोरा तो ‘ग्रिफिन’. परीक्षा देऊन सनदी नोकरीत शिरलेला तो ‘कॉम्पिटिशनवाला’.

उणीवही सांगते. व्युत्पत्ती काही ठिकाणी जुनी झाली आहे, ती नव्या कोशांशी ताडून घ्यावी. देशी माणसाबद्दलचा साहेबी सूर मला अनेकदा खटकतो.

२०१३ ची ऑक्सफर्डची निवडक आवृत्ती हाताळायला सुटसुटीत आहे, प्रस्तावनाही उत्तम. पण कागद वाचणाऱ्याला ती पुरत नाही, नेमका हवा तो शब्द गाळलेला निघू शकतो. स्वस्तातलं फोटो-पुनर्मुद्रण मागवणार असाल तर आधी आतली पानं बघून घ्या. माझ्या एका प्रतीत अवतरणांचा बारीक टाइप इतका पुसट होता की साल वाचता येईना. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर १९०३ ची आवृत्ती फुकट आहे आणि शब्द टाकून शोधताही येते. पुस्तक येईपर्यंत तिच्यावर काम भागतं.