स्टॉकहोममध्ये आठ महिने एसएल कार्ड वापरलं आणि तीनदा पाहुणे फिरवले, त्याचा हा हिशोब

मार्च ते ऑक्टोबर २०२४ मी कंपनीच्या कामाने स्टॉकहोमला होते. ऑफिस किस्ताला, म्हणजे स्पेलिंग वाचून आपण किस्ता म्हणतो, तिथले लोक शिस्ता म्हणतात आणि हे कळेपर्यंत दोन आठवडे मी बिनधास्त किस्ता किस्ता करत होते. या आठ महिन्यांत तीन वेळा माणसं राहायला आली, एप्रिलमध्ये बर्लिनहून मित्र आणि त्याची बायको, जूनमध्ये नाशिकहून आईबाबा, सप्टेंबरमध्ये मावसबहीण, तिचा नवरा आणि पाच वर्षांचं पोरगं. प्रत्येकाला तीनच दिवसांत शहर बघायचं होतं आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती खर्च येईल गं?" त्यामुळे माझी एक्सेल शीट तीनदा बनली. पहिली साफ चुकली, दुसरी थोडी चुकली आणि तिसरी जमली.

सगळे दर २०२४ चे सांगतेय, जायच्या आधी ताजे बघून घ्या. तेव्हा एक क्रोनर साधारण आठ रुपये होता.

एसएल म्हणजे तिथली लोकल वाहतूक. मेट्रो, बस, ट्राम, उपनगरी गाडी आणि काही बोटीसुद्धा एकाच तिकिटात. सिंगल ४२ क्रोनर, ७५ मिनिटं चालतं आणि तेवढ्या वेळात कितीही वेळा बदला. ७२ तासांचं ३५०. म्हणजे तीन दिवसांत नऊ सिंगल तिकिटांची वेळ आली की पैसे वसूल, आणि फिरायला आलेला माणूस नऊ काय, पंधरा वेळा चढतो. एप्रिलमध्ये मित्राने माझं न ऐकता आधीच सिटी पास घेतला होता. त्यात म्युझियम भरपूर पण एसएल नाहीच, ते वेगळं. शिवाय पास वसूल करायचा म्हणून दिवसाला चार चार ठिकाणी धावपळ, तिसऱ्या दिवशी बायको त्याच्याशी बोलत नव्हती. आपल्या लोकांचा वेग दिवसाला दोन ठिकाणं, मध्ये चहा, थोडं बसणं. त्या वेगाला पास परवडत नाही, हे माझं ठाम मत झालंय.

त्यांच्या हॉस्टेलचंही तसंच. खोली स्वस्त दिसली म्हणून बुक केली, तिथे गेल्यावर चादरी-टॉवेलचे वेगळे, नाश्त्याचे वेगळे, बॅगा ठेवायचे वेगळे. खरं तर तिकडच्या हॉस्टेलात चादरींचे पैसे वेगळे असणं नेहमीचंच आहे, बुकिंगमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोघांचे मिळून जे वाढले त्यात एका साध्या हॉटेलची खोली आली असती. तेव्हापासून शीटमध्ये मी 'खोली' असा रकाना काढून टाकला, 'सकाळी अंघोळ करून, खाऊन बाहेर पडेपर्यंत किती' असा केला.

आता विमानतळ, कारण बजेटला पहिलं भोक तिथेच पडतं. अर्लांडाहून झटपट जाणारी एक्सप्रेस गाडी आहे, २० मिनिटांच्या आत शहरात, पण माणशी तीनशेच्या वर. उपनगरी गाडीसुद्धा थेट विमानतळाखालून सुटते पण त्या स्टेशनची वेगळी फी लागते, तीच साधारण दीडशेच्या घरात. मी सगळ्यांना तिसराच रस्ता सांगायचे. ५८३ नंबरची बस धरायची, मार्स्टा स्टेशनला उतरायचं आणि तिथून उपनगरी गाडी, सगळं साध्या एसएल तिकिटात. वेळ तासाच्या आसपास जातो. बहिणीकडच्या तिघांचे असेच वाचले, पोराला तर सात वर्षांखालचा म्हणून तिकीटच नव्हतं.

आईबाबांच्या वेळी मात्र मीच तीन चुका केल्या. एक, बाबा ६८ वर्षांचे, म्हणजे ६५ च्या वरचं सवलतीचं तिकीट लागू, पण घाईत मी त्यांना बँकेचं कार्ड गेटला लावायला सांगितलं आणि पूर्ण भाडं कापलं गेलं. टॅप केलं की प्रौढांचंच तिकीट लागतं, सवलतीचं हवं तर काउंटरवर किंवा प्रेसब्यूरॉनसारख्या दुकानातून घ्या. हिरवं एसएल कार्ड तेव्हा २० क्रोनरला मिळायचं, त्यावर तिकीट टाकून देतात. आणि एका कार्डावर दोघांनी जायचा विचारही करू नका, तपासनीस येतात आणि दंड तेव्हा १५०० क्रोनर होता, म्हणजे बारा हजार रुपये!

दुसरी चूक तारखेची. त्यांचा शुक्रवार आला २१ जूनला आणि तो नेमका मिडसमरचा, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाचा, आदला दिवस. तिथे सण खरा साजरा होतो तो या आदल्या दिवशीच आणि अख्खं शहर गावी जातं. दुकानं बंद, ज्या हॉटेलात दुपारचं जेवायचं ठरवलेलं ते बंद, रस्त्यावर आम्ही तिघं आणि काही जपानी टुरिस्ट. शेवटी स्कान्सेन या उघड्यावरच्या म्युझियमला गेलो, तिथे फुलापानांनी मढवलेला खांब उभा करून लोक त्याच्याभोवती नाचतात. आई म्हणाली, "आपल्या भोंडल्यासारखंच की, फक्त हत्ती नाही." जेवण म्हणजे तिने आणलेले मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. पेढे मी आणू दिले नव्हते, बाहेरून येताना दुधाचे पदार्थ ईयूमध्ये चालत नाहीत, त्यावरून ती अजून टोमणे मारते.

तिसरी चूक, टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी १० क्रोनर लागतात आणि तेही कार्डने. आईकडे कार्ड नाही, मी खाली प्लॅटफॉर्मवर. रोख पैसे तिथे जवळजवळ निरुपयोगी, बाबांनी नाशिकहून बदलून आणलेल्या नोटा तशाच परत गेल्या. प्रत्येकाकडे स्वतःचं चालणारं कार्ड हवंच.

तरीही सगळ्यात छान ट्रिप तीच झाली. स्लुसेनहून ८२ नंबरची बोट यूरगॉर्डन बेटावर जाते, दहाएक मिनिटं, एसएल तिकिटातच. बाबांनी दारातल्या मशीनला कार्ड लावलं, बीप झालं, तरी मागे वळून विचारलं, "नक्की ना? बोटीचे वेगळे नाहीत?" परत येताना म्हणाले अजून एकदा जाऊ. तीन दिवसांत पाच वेळा त्या बोटीत बसले असतील. बेटावर वासा म्युझियम, तिकीट दोनशेच्या आसपास, १८ खालच्यांना फुकट, आणि पैसे द्यावेत असं एक ठिकाण विचाराल तर हेच. १६२८ च्या १० ऑगस्टला पहिल्याच सफरीवर निघालेलं युद्धजहाज, जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं, १९६१ ला वर काढलं. निघण्याआधी ३० माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती, जहाज इतकं डोलायला लागलं की तीन फेऱ्यांत थांबवावी लागली. आयुष्यभर कारखान्यात काढलेले बाबा ते ऐकून एवढंच म्हणाले, "ट्रायल फेल, तरी डिस्पॅच. मार्चएंड असणार."

एसएल तिकीट आहेच, त्यावर फुकटातलं म्हणाल तर मेट्रोची ११ नंबरची निळी लाइन, माझी रोजचीच. सोल्ना सेंत्रुमला लालभडक गुहेसारखं छत, टी-सेंत्रालेनला पांढऱ्यावर निळ्या वेली, कुंग्सत्रेदगॉर्डनला जुन्या इमारतीचे पुतळे. उतरा, बघा, पुढची गाडी पकडा. गाम्ला स्तान म्हणजे जुनं शहर, मोंतेलिउसवेगन या उंचावरच्या पायवाटेवरून संध्याकाळचं शहर, हेही फुकट. सिटी हॉल आतून बघायचा तर गाइडेड टूरच घ्यावी लागते. नोबेलची मेजवानी होते तो ब्लू हॉल लाल विटांचा आहे, आर्किटेक्टला विटाच आवडल्या म्हणून निळा रंग राहिला आणि नाव तेवढं टिकलं.

जेवणाचं गणित सोपं, मोठं जेवण दुपारीच. सोम ते शुक्र अकरा ते दोन 'दागेन्स लंच' म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण असतं, मला १२० ते १५० क्रोनरमध्ये मिळायचं, सॅलड, ब्रेड, कॉफी धरून. रात्री त्याच हॉटेलात सहज दुप्पट. म्हणून वीकेंडला आलात तर जेवणाचं बजेट वाढवा. पाणी नळाचं प्या, मस्त असतं.

परत येताना मी स्वतः मात्र २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन त्याच ५८३ बसने जायचा हट्ट केला. मार्स्टाला स्टेशनातून बसपर्यंत दोन फेऱ्या, पाऊस, आणि बसमध्ये बॅग धरून उभी. त्या दिवशी शंभरदीडशे क्रोनर टाकून एअरपोर्टच्या कोचने जायला हवं होतं.