ऑकलंडला मासेमारी: अख्खी बोट घ्यायची की एक सीट?

बडोद्यातून मुला-मुलीकडे ऑकलंडला जाणारे आता बरेच झालेत आणि त्यातले मासेखाऊ हमखास विचारतात, की समुद्रात मासे पकडायला जायचं तर पूर्ण बोट बुक करू की शेअरिंगवाल्या ट्रिपमधे एखादी सीट घेऊ. मी दोन्ही केलंय म्हणून लिहितोय. लायसनचं टेन्शन नाही, हौशी माणसाला तिथे समुद्रात गळ टाकायला लायसन लागत नाही, आणि रॉड-बिड इथून मुळीच नेऊ नका, बोटीवर सगळं मिळतं आणि वापरलेलं सामान एअरपोर्टवर डिक्लेअर करायचं राहिलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

पूर्ण बोटीची मजा वेगळी आहे हे मान्यच. सगळी आपली माणसं, आपले थेपले, मराठीत आरडाओरडा. पोराटोरांना उलट्या सुरू झाल्या तर कप्तानाला सांगून एखाद्या बेटाच्या आडोशाला बोट नेता येते, वाटलं तर लवकर परतता येतं. शेअरिंगमधे तसं नाही, तुमचं पोट ढवळलं म्हणून बोट मागे फिरत नाही, बाकीच्यांनीही पैसे भरलेत. शिवाय गर्दी असली की दोऱ्या एकमेकांत गुंततात आणि आपल्या गळाला मासा आहे की शेजारचा माणूस, ते वर ओढेपर्यंत कळत नाही. पैशांचं म्हणाल तर सहा-सात जण जमले की माणशी फार फरक पडत नाही असं मला तरी वाटलं.

पण ते सहा-सात जण जमवणं, तिथेच सगळी गंमत आहे. जावईबापूंना शनिवारच जमणार, मुलीच्या मैत्रिणीला रविवार, नातवाचं स्विमिंग, आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर जमवून एकदाचा शनिवार ठरला, डिपॉझिट भरलं, तर शुक्रवारी संध्याकाळी कप्तानाचा मेसेज, उद्या वारा पंचवीस नॉटच्या (ताशी साधारण ४६ किलोमीटरच्या) वर आहे, ट्रिप कॅन्सल. बरं, त्याचं चूक काहीच नाही, त्याने डिपॉझिटही बुडवलं नाही, दुसरी तारीख देऊ केली. पण त्याच्याकडे रिकामा शनिवार होता तोवर आम्ही बडोद्याला परत येऊन सुरसागर तलावाला फेऱ्या मारत असणार! ऑकलंड दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय, वारा ही तिथली रोजचीच गोष्ट. पूर्वेकडच्या हौराकी गल्फला, म्हणजे जिथे या बोटी जातात त्या आखाताला, वायहेके वगैरे बेटांचा आडोसा आहे हे खरं, तरी वारा फिरला की तोही पुरत नाही. राहणाऱ्यांना काय, पुढच्या महिन्यात जातील. आपण पाहुणे, आपल्याकडे शनिवार मोजके.

माझं मन तिथे शेअरिंगकडे वळलं. आपण रिटायर्ड माणसं, मंगळवार काय नि गुरुवार काय. मेटसर्व्हिसचा (तिथल्या हवामान खात्याचा) समुद्राचा अंदाज रोज बघायचा, वारा दहा-बारा नॉटवर आला की अर्ध्या दिवसाच्या ट्रिपमधे एक सीट विचारायची, कोणाची रजा नको नि कोणाला विचारणं नको. ख्रिसमस ते जानेवारी मध्यापर्यंत मात्र हे जमणं कठीण, सुट्ट्या असतात, तेव्हा आधीच बुक करा. दिवाळीच्या सुमारास गेलात तर उत्तमच, तिकडे वसंत असतो, स्नॅपर हा तिथला आवडता मासा अंडी घालायला गल्फमधे येतो आणि नशीब असेल तर गॅनेट पक्षी धडाधड पाण्यात सूर मारताना आणि खाली डॉल्फिन असं सगळं एकदम दिसतं.

शिकायलाही शेअरिंगमधेच जास्त मिळालं. पूर्ण बोटीत पाहुणे म्हणून कप्तान सगळं स्वतःच करून देतो, आपण नुसतं रीळ फिरवायचं. इथे शेजारच्या एका टोंगा बेटांवरच्या आजोबांनी मला शिसं कमी लावून आमिष प्रवाहाबरोबर सोडायला शिकवलं, तोपर्यंत मी नुसतीच आमिषं खिलवत होतो. स्नॅपर हौराकी गल्फच्या बाजूला ३० सेंटीमीटरच्या आतला परत सोडावा लागतो, नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, आणि माणशी दिवसाला ७ च. दोन मिलीमीटरने कमी भरला तरी आपल्यासारखं "चालेल हो" तिथे चालत नाही.

लहान मुलं बरोबर असतील किंवा बायकोला यायचंच असेल तर पूर्ण बोट घ्या, मी नाही म्हणणार नाही, फक्त तारीख मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यात ठेवा म्हणजे कॅन्सल झाली तरी दुसरी मिळायला जागा राहते. गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही. आणि केळी नेऊ नका, बोटीवर केळं अपशकुनी मानतात, उपासवाल्यांनी लक्षात ठेवा.

अजून एक, शेअरिंगमधे बरेच गोरे लोक फिलेट (बिनकाट्याचे तुकडे) घेतात आणि डोकी टाकून देतात. तिथले मूळ रहिवासी माओरी आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक मात्र डोक्यांची किंमत ओळखतात, ऑकलंडला तर काई इका नावाचा उपक्रम ही डोकी गोळा करून गरजूंपर्यंत पोचवतो. मी मदतनीस पोराला आधीच सांगून ठेवलं, की कोणाला नको असतील ती मला दे. पिशवी भरून निघाली. घरी कालवण केलं, मुलीने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि जावईबापूंनी, जे आधी नाक मुरडत होते, भात दोनदा घेतला.