कोलकाता ते बीरगंज ई-सील : काही महिन्यांच्या वापरानंतर

ई-सील म्हणजे कोलकाता बंदरातून नेपाळच्या सीमेवरच्या बीरगंजला जाणाऱ्या कंटेनरच्या दारावर लावायचं, जीपीएस असलेलं इलेक्ट्रॉनिक सील. सील उत्तम आहे. पण फायदा त्याच्या जीपीएसपेक्षा त्याच्यामागे बदललेल्या कागदपत्रांचा जास्त आहे.

पूर्वी नेपाळच्या प्रत्येक कंटेनरसाठी कोलकात्यातच आयातदाराच्या वतीने सीटीडी, म्हणजे कस्टम्स ट्रान्झिट डिक्लेरेशन, भरावं लागे. बँकेतून मूळ कागद सुटेपर्यंत कंटेनर बंदरात पडून, वर डेमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचा आकार) आणि डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार). आशियाई विकास बँकेच्या साह्याने, सासेक या दक्षिण आशियाई सहकार्य कार्यक्रमातून ईसीटीएसचा, म्हणजे ई-सीलवर चालणाऱ्या माल-मागोवा यंत्रणेचा, पायलट झाला. भारतीय कस्टम्सच्या 2019 च्या नियमांनी ही वाहतूक ट्रान्सशिपमेंट, म्हणजे बंदरात फक्त वाहन बदलून पुढे जाणारा माल, ठरवली आणि बंदर ते बीरगंज ही जबाबदारी जहाज कंपनीकडे गेली. आता आयातदाराचे कागद यायच्या आत माल रेल्वेने सुमारे 700 किलोमीटर पुढे गेलेला असतो.

मात्र बीएलवर, म्हणजे जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवर, डिलिव्हरीचं ठिकाण बीरगंज हवं. कोलकाता छापलं असेल तर गाडी पुन्हा सीटीडीच्या रुळावर. जहाज निघण्याआधी बीएलचा मसुदा वाचा, नंतरच्या दुरुस्तीला लाइन (जहाज कंपनी) पैसे लावते आणि दिवस जातात ते वेगळेच.

दुसरी चूक सील लावताना होते. कंटेनर क्रमांक 11 चिन्हांचा असतो: 4 अक्षरं, 6 अंक, शेवटी पडताळणीचा अंक. यातलं एक जरी चुकलं तरी सीलची नोंद प्रत्यक्ष कंटेनरशी जुळत नाही आणि बीरगंजला उघडताना सगळं अडतं. दारावरचा क्रमांक, मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) आणि सीलची नोंद, तिन्ही तिथल्या तिथे जुळवा. लाइनचं बोल्ट सील (दाराला लावलेला लोखंडी खिळा) तसंच राहू द्यायचं. ई-सील हे त्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही.

नकाशावर ठिपका हलत नाही म्हणून घाबरून फोन करणारे बरेच. मोबाइल नेटवर्क नसलं की सील नोंदी साठवतं आणि मग एकदम पाठवतं. वॅगनवर दोन कंटेनरची दारं समोरासमोर असली की लोखंडामुळे सिग्नल आणखी दबतो. त्यामुळे ठिपक्यापेक्षा शेवटच्या नोंदीची वेळ पाहायची. छेडछाडीचा इशारा आला तर मात्र वाट पाहू नका, लाइनला लगेच लेखी कळवा. उघड्या वॅगनमधल्या सुट्या मालाला ही सोय लागू होणं कठीण, कारण सील लावायला बंद दारच नसतं.

खोळंबा गेला म्हणता येत नाही, तो पुढे सरकलाय. बँकेचे कागद उशिरा आले की कंटेनर आता बीरगंजला थांबतो. तिथला ड्राय पोर्ट (कंटेनर उतरवण्याचं जमिनीवरचं बंदर) जागतिक बँकेच्या पैशातून, रस्त्याची एकात्मिक तपासणी चौकी भारताच्या अनुदानातून; म्हणजे उभारणीला पैसा येत राहिला. पण पूर्ण रेकमधून (मालगाडीतून) 90 टीईयू, म्हणजे 20 फुटी 90 कंटेनरांइतका माल, एकदम उतरतात तेव्हा कमी पडतात ती माणसं, आणि सील काढून परत पाठवण्याची घाईही कुणाला नसते. हे भाड्याच्या कोटेशनमध्ये दिसत नाही. म्हणून लाइनशी दर ठरवताना बीरगंजला मिळणारे मोकळे दिवस आणि रिकामा कंटेनर परत द्यायचं ठिकाण, दोन्ही लेखी घ्या.