दहापटीचं भिंग आणि गच्चीतली बोन्साय: उन्हाळा-पावसाळ्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आसपास एक दहापटीचं ट्रिप्लेट (तीन काचा जोडून केलेलं) भिंग घेतलं. जवाहिरे हिरे बघायला वापरतात तसंच. आता पावसाळा सरत आलाय, म्हणजे पुण्यातल्या रोगकिडींचे दोन्ही हंगाम त्यातून बघून झाले. गच्चीत नांदरुक (नर्सरीवाल्यांचा फायकस) जास्त, शिवाय वड, कामिनी, जेड, एक बोर आणि एक रडतराऊत जुनिपर. निकाल आधीच सांगते: हजार-बाराशे रुपये गेले, पण ते औषधांच्या बाटल्या न घेतल्याने वसूल झाले.

दहापटच का, हे सगळे विचारतात. ‘३०×२१’ (म्हणजे तीसपट, २१ मिलिमीटर व्यास) असा शिक्का मारलेली भिंगं शे-दीडशेला मिळतात, मग महाग कशाला? हिशेब सोपा आहे. २५० ला पटीने भागलं की भिंग वस्तूपासून साधारण किती मिलिमीटरवर धरायचं ते कळतं. दहापटीला २५, तीसपटीला जेमतेम ८. तीसचा शिक्का असलेलं भिंग इंचभर अंतरावरून स्पष्ट दाखवत असेल, तर ते दहाच्याच जवळपासचं समजा. खरोखरचं तीसपटीचं मिळालं, तरी बोन्सायच्या दाट फांद्यांत आठ मिलिमीटरवर घुसणार कसं? दुसरी पानं आड येतात, आपल्याच डोक्याची सावली पडते.

धरण्याची सवय मात्र लावावी लागते. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं. उलटं केलं तर सगळं हलत राहतं. झाड उचलण्यासारखं नसेल तर मी संशयित पान सरळ तोडून घेते. एका पानाने झाड मरत नाही.

पहिला मोठा फायदा झाला तो लाल कोळ्यांच्या बाबतीत. मार्चपासून हवा कोरडी झाली की पानांवर बारीक फिकट ठिपके येतात, पान धूळ बसल्यासारखं निस्तेज दिसतं. हेच वर्णन फुलकिड्यांनाही लागू पडतं आणि उन्हाने भाजलेल्या पानालाही. भिंगाखाली पानाची मागची बाजू धरा: नावात लाल असलं तरी अर्ध्या मिलिमीटरचा फिकट जीव, पाठीवर दोन काळसर डाग, आजूबाजूला काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी आणि टाकलेल्या पांढऱ्या काती. पाय आठ. हे आठ पाय महत्त्वाचे, कारण कोळी हा कीटक नव्हे. नर्सरीत ‘कीड आहे’ म्हटल्यावर बरेचदा हातात इमिडाक्लोप्रिड देतात. ते मावा, पांढरी माशी यांच्यावर चालतं, कोळ्यांवर नाही. उलट त्यानंतर कोळी वाढल्याचे अनुभव शेतीतही आहेत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! मी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारते आणि संध्याकाळी निमतेल, पाच-सहा दिवसांच्या अंतराने. अंडी पहिल्या फवारणीत वाचतात, आणि कडक उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठवडाभर पुरतो. औषध लागू पडलं का, हे जुन्या पानांवरून ठरवू नका. ते ठिपके जात नाहीत. नवी पालवी स्वच्छ आली का ते बघा.

नांदरुकाची पानं मधल्या शिरेवर मिटून करंजीसारखी होतात आणि बाहेरून तांबूस डाग दिसतात, तेव्हा आत काळे चकचकीत फुलकिडे आणि त्यांची पिवळट पिल्लं असतात. यासाठी भिंग लागतच नाही. करंजी उघडली की नुसत्या डोळ्यांना दिसतात. वरून मारलेलं औषध मिटलेल्या पानात पोहोचत नाही, म्हणून ती पानं खुडून पिशवीत बांधून टाकायची. कुंडीशेजारी टाकलीत तर किडे दुसऱ्या दिवशी परत झाडावर.

पण ‘हा रोग नाहीच’ हे सांगण्यात भिंग सगळ्यात जास्त कामी आलं. नांदरुकाच्या पानावर, विशेषतः कडेने, सारख्या अंतरावर पांढरे ठिपके असतात. मोबाइलवरच्या रोग ओळखणाऱ्या एका अ‍ॅपने ते बुरशी म्हणून सांगितले, वर फवारणीचं वेळापत्रकही दिलं. भिंगातून दिसतं की ठिपके पानाच्या आत आहेत, नखाने निघत नाहीत. पानाच्या पेशींत साठलेले कॅल्शियम कार्बोनेटचे खडे आहेत ते, निरोगी पानातही असतात. खोडावरच्या फुगीर ठिपक्यांचंही तसंच. ती सालीची श्वासरंध्रं असतील तर खरवडून निघत नाहीत. खवले कीड असेल तर टाचणीने अख्खा खवला उचलतो. खाली ओलसर निघालं तर जिवंत, कोरडं भुसभुशीत असेल तर जुना मेलेला. पुन्हा पुन्हा फवारणाऱ्या अर्ध्या लोकांच्या झाडावर मेलेलेच खवले असतात, असा माझा दाट संशय आहे.

कामिनीवर एकदा पांढरे, लांब मेणचट धागे अंगावर घेतलेले किडे दिसले. पिठ्या ढेकूणच (मिलीबग), असं कोणीही म्हणेल. पण चाल फार चपळ होती. भिंगाखाली कळलं, क्रिप्टोलिमसच्या अळ्या! नाशिकचे द्राक्षवाले पिठ्या ढेकणांवर सोडतात तो हाच मूळचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा, भारतात १८९८ मध्ये आणलेला. त्या फांदीला हात लावला नाही. मुंग्या तेवढ्या आवरल्या, कारण ढेकूण जो गोड चिकटा गाळतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि मित्रकिडींना हाकलतात. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की मी रांगेच्या टोकापासूनच तपासायला सुरुवात करते.

पावसाळ्यात बोराच्या पानांवर पांढरं दिसलं की भुरी (पांढरी बुरशी) आहे की बोअरच्या पाण्याचे क्षार, हाही प्रश्न एका नजरेत सुटतो. भुरीत धाग्यांचं जाळं दिसतं, क्षारांत खडे. कामिनीवरची काजळी (चिकट्यावर वाढणारी काळी बुरशी) ओल्या कापसाने पुसली जाते, तिच्यावर बुरशीनाशक मारण्यात अर्थ नाही. वरच्या फांदीवर चिकटा गाळणारी कीड शोधायची.

आता तक्रारी. वाकून बघताना मान अवघडते. वारा असला की काम थांबवायचं. दृष्टीच्या टप्प्यात एका वेळी फार तर नाणंभर जागा येते, त्यामुळे आधी कुठे बघायचं हे कळायला पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी लागते. जुनिपरला तर हाच मार्ग, कारण त्याच्या खवल्यांसारख्या पानांत कोळी शोधणं अशक्य. झटकल्यावर मिनिटभर थांबा. जे ठिपके चालायला लागतील ते कोळी, बाकी धूळ. आणि पानं कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी भिंगापेक्षा रात्रीची बॅटरी बरी.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र कुंडीच्या आत आहे. उथळ ट्रेमध्ये पाणी साचून मुळं कुजली, तर पानांवर भिंगाला काहीच सापडत नाही. जुनिपर तर मुळं मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा राहतो, तेव्हा पानं बघून निदान करण्यात काही हशील नाही. म्हणून पान पिवळं आहे, पण कीड, जाळं, डाग काही दिसत नाही, अशा वेळी मी भिंग खिशात टाकून मातीत बांबूची काडी खुपसते. काडी काळपट, आंबूस वासाची निघाली की झाड कुंडीतून काढायचं. तेव्हा मात्र भिंग परत कामाला येतं. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर निळसर-पांढरी मेणचट पूड दिसली, तर मुळांवरचे पिठ्या ढेकूण. पुडीत सरकणारे लंबुळके पांढरे जीव दिसतातच. आणि फक्त नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता. आमच्याकडच्या जड पाण्याने ती हमखास होते.

दोन-चार झाडं असतील तर ट्रिप्लेटची गरज नाही, साधं दहापटीचं डब्लेटही (दोन काचांचं) चालेल, कडेची प्रतिमा थोडी पसरट दिसेल इतकंच. एलईडीवालं घेऊ नका, सकाळचं तिरपं ऊन त्याहून चांगलं. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स फोटो दाखवून दुसऱ्याला विचारायला बरी, शोधायला नाही. पावसाळ्यात भिंग डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. दमट हवेत काचेवर बुरशी चढते आणि ती सहसा निघत नाही.