फुटक्या कानावरून काळ सांगणारा कोर्स

आम्ही तेरचे, गोरोबाकाकांच्या गावचे कुंभार. पन्नाशीत ऑनलाइन कोर्स लावला म्हणून घरचे हसले. ९०० रुपये, चार रविवार. विषय एवढाच: समुद्रतळाशी सापडलेला अँफोरा, म्हणजे दारू-तेल वाहायचं दोन कानांचं (मुठींचं) जुनं मडकं, कुठला आणि कधीचा, ते कसं ओळखायचं.

दुसरा रविवार एकदम भारी. ड्रेसेल २-४ या रोमन दारूच्या अँफोऱ्याचा कान जवळून दाखवला. दोन कांड्या शेजारी-शेजारी चिकटवलेल्या, मातीत ज्वालामुखीची काळी वाळू. म्हणजे इटलीतला कंपानिया, इसवी सनाचं पहिलं शतक किंवा त्याच्या आगेमागे. कान ओल्या मातीवर दाबल्याचा ठसासुद्धा दिसत होता. मी तर स्क्रीनलाच हात लावला. बिनकानाचं, आतून डांबर फासलेलं भांडं मात्र मेसोपोटेमियाचा टॉर्पेडो जार. रोमन मडक्यात बहुतेक राळ असते, तिथं भलेभले फसलेत म्हणे.

तक्रार आहेच. काठाचं चित्र काढायला शिकवणं दहा मिनिटांत गुंडाळलं. बेट द्वारकेच्या पाण्यात सापडलेल्या तुकड्यांवर एकच स्लाइड. आणि पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी पुस्तकातल्या तगरचं, म्हणजे आमच्या तेरचं, नावही नाही! चॅटमध्ये विचारलं, तर ‘पुढच्या बॅचला घेऊ’.

पाचपैकी चार तारे. मोबाइलवर बघू नका, वाळूचे कण दिसत नाहीत.