आय-सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक्स: गेमिंग संगणकाच्या खरेदीतील फसवणूक

स्वस्तातला गेमिंग संगणक गळ्यात मारताना दुकानदाराला फारसे खोटे बोलावे लागत नाही. अर्धवट खरे बोलून त्याचे काम भागते. आमच्या घरी आलेल्या संगणकात बहुतेक गोष्टी अशा अर्धवट खऱ्या होत्या आणि एक धडधडीत खोटी होती. त्या खोट्या वस्तूचे पैसे भांडून परत मिळाले. उरलेल्यांबाबत दुकानदाराने हात वर केले, आणि कोटेशनमधले शब्द पाहता त्याला फारसे अडवताही आले नाही.

मुलीची बारावी झाल्यावर तिला व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह हे गेम चालतील असा संगणक घ्यायचे ठरले. शहरातल्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये दोन दुकानांतून कोटेशन घेतले. एकाने इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर सुचवला आणि ग्राफिक्स कार्ड पुढे कधीतरी घाला असे सांगितले. दुसऱ्याने तेवढ्याच म्हणजे ३२,००० रुपयांत आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड, पाचशे वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि मॉनिटर असा सगळा संच देऊ केला. वर म्हणाला, "ताई, तिकडे आय-थ्री, इकडे आय-सेव्हन. फरक आकड्यातच दिसतोय ना?"

हा आकडाच फसवा असतो. थ्री, फाइव्ह, सेव्हन हे आकडे एका पिढीतल्या प्रोसेसरांची आपापसातली पायरी सांगतात, वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून होत नाही. पिढी कळते ती त्यापुढच्या अंकांवरून. आमच्या यंत्रात निघाला तो आय-सेव्हन २६००, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर. जो आय-थ्री १२१०० आम्ही सोडून दिला तो जानेवारी २०२२ चा. दोघांतही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आहेत, पण प्रत्येक कोअरच्या कामाचा वेग पाहिला तर नवा आय-थ्री जुन्या आय-सेव्हनला कितीतरी मागे टाकतो. असे जुने प्रोसेसर कार्यालयांतून निकाली निघालेल्या संगणकांतून काढले जातात आणि त्यांना बसतील असे एच-६१ जातीचे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) आजही नवे मिळतात. त्यामुळे "बोर्ड नवा आहे" हे दुकानदाराचे वाक्यही खरेच होते. रॅम सोळा जीबीच होती, फक्त ती डीडीआर-थ्री या जुन्या प्रकारची होती आणि पुढे कोणत्याही नव्या बोर्डवर बसणार नव्हती.

पहिली अडचण व्हॅलोरंटनेच दाखवली. संगणकात विंडोज ११ टाकलेले होते आणि गेम उघडताच 'व्हॅन ९००१' ही चूक येऊन तो बंद होई. विंडोज ११ वर या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात आणि २०११ च्या काळातल्या त्या यंत्रात टीपीएम २.० नव्हते. मुळात विंडोज ११ अधिकृतपणे चालते ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. ती तपासणी चुकवून दुकानात ते बसवले होते. तक्रार केल्यावर दुकानातल्या मुलाने विंडोज १० टाकून दिले. त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, याचा उच्चार त्याने केला नाही.

खरी गोम ग्राफिक्स कार्डात होती. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोटेशनमध्ये "१०५० टीआय ४ जीबी" असे लिहिले होते, म्हणजे एनव्हिडिया कंपनीचे १०५० टीआय हे कार्ड. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव तेच दिसत होते आणि मेमरीही चार जीबीच दिसत होती. तरीही जीटीए फाइव्हमध्ये चित्राचा दर्जा थोडा वाढवला की पडदा गोठून गेम बंद पडे. दुकानदाराने कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर, स्वतःच्या पेनड्राइव्हमधून टाकला होता आणि "अपडेट मारू नका, प्रॉब्लेम येईल" असे पुन्हा पुन्हा बजावले होते. मुलीने एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरचा नवा ड्रायव्हर उतरवून पाहिला, तो बसेचना.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचे काम करणारा माझा भाचा सुट्टीत आला तेव्हा उलगडा झाला. त्याने आधी यंत्राच्या मागची बाजू पाहिली. कार्डावर पंधरा छिद्रांचा निळा व्हीजीए पोर्ट होता. "मावशी, १०५० टीआयच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, मग हा पोर्ट कशाला?" असे म्हणत त्याने जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर उतरवले. २०१८ पासूनच्या त्याच्या आवृत्त्या चिपची खरी ओळख तपासतात आणि बनावट एनव्हिडिया कार्ड असेल तर नावाच्या आधी चौकटी कंसात 'फेक' असे दाखवतात. आमच्या कार्डाच्या नावाआधी तो शब्द झळकला. मग त्याने कार्ड बाहेर काढले, पंख्याचे चार स्क्रू सोडवले, चिपवरची वाळलेली पेस्ट कापसाने पुसली आणि मोबाइलच्या उजेडात वरची अक्षरे वाचून दाखवली. जीएफ ११६-४००-ए१. खऱ्या १०५० टीआयवर तेथे जीपी १०७-४०० असते.

जीएफ ११६-४०० ही २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप आहे. तिच्यात १९२ कोअर असतात, १०५० टीआयमध्ये ७६८. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून त्याला नवे नाव आणि चार जीबीचा खोटा आकडा दिला जातो, आणि विंडोज तेच नाव वाचून दाखवते. प्रत्यक्षात आमच्या कार्डावर एकच जीबी मेमरी होती, म्हणून गेमने त्यापुढची जागा मागताच पडदा गोठत असे. या जुन्या चिपसाठी एनव्हिडियाने २०१८ नंतर नियमित ड्रायव्हर काढणेच थांबवले आहे, पेनड्राइव्हचे रहस्य ते हे.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिले होते. बाजूच्या लेबलवरच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर होते, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच रांगेवर चालतात. आय-सेव्हन २६०० साठी ९५ आणि ५५० टीआयसाठी ११६ वॅट धरले तरी बेरीज २११ होते. ऐन गेममध्ये यंत्र अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा का सुरू होई, हे त्या लेबलवरच लिहिलेले होते. भाच्याच्या मते सबंध यंत्रातली सर्वांत धोक्याची वस्तू हीच होती, कारण असा एसएमपीएस जळताना बोर्डालाही सोबत घेऊन जातो.

दुकानदाराकडे गेल्यावर त्याने प्रथम "विकलेला माल परत नाही" या पाटीकडे बोट दाखवले. पक्के बिल घेतल्यास १८ टक्के जीएसटी वर पडेल असे सांगून त्याने आम्हाला साध्या कागदावरचे एस्टिमेट दिले होते, त्यावर ना जीएसटी क्रमांक होता ना एकाही भागाचा सिरियल नंबर. आमच्या हाती पुरावा होता तो यूपीआयच्या पावतीचा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "१०५० टीआय ४ जीबी" या शब्दांचा आणि चिपच्या छायाचित्राचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, किंवा तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आम्ही हे कलम लिहिलेले पत्र त्याला रजिस्टर पोस्टाने पाठवले, तेव्हा कार्डाचे ६,५०० रुपये परत आले. प्रोसेसरबद्दल त्याचे एकच उत्तर होते: "मी आय-सेव्हन सांगितला, आय-सेव्हनच दिला." एसएमपीएसबद्दलही तेच.

म्हणून कोटेशन घेताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, कार्डावरच्या चिपचे नाव, रॅमचा प्रकार आणि एसएमपीएसची कंपनी व मॉडेल लिहून मागावे, आणि हेच सारे सिरियल नंबरांसह पक्क्या बिलावर उतरले आहे ना ते पैसे देण्याआधी पाहावे. एएमडीच्या कार्डासाठी "आरएक्स ५८०" एवढेच लिहिलेले असेल तर कोअर २३०४ आहेत की २०४८ हेही विचारावे, कारण २०४८ वाले कार्ड प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या जवळचे असते. पैसे कमी असतील तर ग्राफिक्स अंगभूत असलेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या आणि चांगला एसएमपीएस घेऊन कार्ड वर्षभराने घालणे माझ्या मते केव्हाही बरे. व्हॅलोरंट त्यावर उत्तम चालतो. जीपीयू-झेडची तपासणी दुकानातच, दुकानदारासमोर, एनव्हिडिया किंवा एएमडीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर घालून करावी. दुकानदार इंटरनेट नसल्याचे सांगेल, तेव्हा आपला मोबाइल हॉटस्पॉट सुरू करावा. आणि घरी आलेल्या यंत्राविषयी शंका असेल तर कार्डाची तपासणी त्या ३० दिवसांतच उरकावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क लागत नाही आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज घरबसल्याही करता येतो.