कादंबरीची नायिका: ताराबाई की अहिल्याबाई?

राज्य चालवणाऱ्या स्त्रीवर मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहायची म्हटली, की निवड बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते: महाराणी ताराबाई आणि अहिल्याबाई होळकर. दोघींनाही वैधव्यात पुरुषांच्या दरबारावर हुकूम चालवावा लागला. त्यांना अडवणारे मात्र वेगळे होते आणि अडवण्याची रीतही वेगळी. म्हणून आधी विरोध कोणता रंगवायचा ते ठरवा, नायिका त्यावरून ठरेल.

ताराबाईंची अडचण वारसाहक्काची. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. त्यांनी चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला. सत्ता त्यांची असली तरी राज्य मुलाच्या नावाचे होते. कथेचा ताण याच फटीत आहे. १७०७ मध्ये राजारामांचे पुतणे शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा सात वर्षांच्या लढ्यात ताराबाईंनी काय केले हे कोणाला विचारावेच लागले नाही. गादी कोणाची, एवढा एकच प्रश्न पुरला. दूधभातावर हात ठेवून सरदारांनी ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची घेतलेली शपथ बखरींत येते. त्यानंतर खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले. या दोन प्रसंगांच्या मधले दिवस नीट लिहिले, तरी कादंबरीचा मध्यभाग उभा राहतो.

ताराबाईंवर लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे त्यांना प्रत्येक लढाईत घोड्यावर बसवणे. त्यांचे खरे बळ तजविजीत होते: कोणता किल्ला किती दिवस लढवायचा, कोणता केव्हा सोडायचा, फौज कुठे पाठवायची. विशाळगडाचेच पाहा. औरंगजेब स्वतः वेढ्यावर होता. जून १७०२ मध्ये ताराबाईंचे सरदार परशुराम त्रिंबक यांनी दोन लाख रुपये घेऊन गड सोडला आणि ऐन पावसात मोगल फौज पन्हाळ्याकडे परत फिरली. थोडक्या वाटेला महिन्याहून जास्त काळ लागला. ओढे फुगलेले, जनावरे चिखलात रुतून मेलेली, सामान वाटेत टाकलेले. हा प्रसंग राणीच्या बाजूने लिहा. गड गेल्याची खबर, आलेली रक्कम आणि आभाळाचा रंग, तिन्हींचा हिशेब ती एकाच बैठकीत करते आहे. शत्रूच्या बाजूचा इतिहासकार खाफीखानही तिच्या कर्तबगारीची कबुली देतो, तो याचसाठी.

पुरुषसत्ता म्हणजे फक्त पुरुष, असे धरून चाललात तर १७१४ चा प्रसंग हाताळता येणार नाही. सवत राजसबाईंच्या मुलाला, संभाजीला, गादी मिळाली आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. दोघी आयांची ताकद आपापल्या मुलावरच उभी होती, म्हणून एकमेकींवर उलटणे अटळ झाले.

अहिल्याबाईंचा विरोध वेगळ्या जातीचा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिले नाही, कारभारात घेतले. १७६५ च्या पत्रात ते सुनेला तोफखाना ग्वाल्हेरकडे नेण्याच्या आणि दारूगोळ्याच्या तरतुदीच्या सूचना देतात. म्हणजे राज्य हाती आले तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी दत्तकाचा आग्रह धरला, पेशव्यांचे काका रघुनाथराव फौज घेऊन आले. अहिल्याबाईंनी शिंदे-गायकवाडांशी संधान बांधले, पेशवे माधवरावांकडून मान्यता मिळवली आणि फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली. रघुनाथरावांना बायकांच्या फौजेचा निरोप धाडल्याची कथा परंपरेने चालत आलेली आहे. वापरा, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. खरी लढाई पत्रांनी जिंकली गेली.

इथला धोका भक्तिभावाचा आहे. घाट, मंदिरे, अन्नछत्रे मोजत बसलात की नायिका मूर्ती होते. विधवेने धर्मकार्य करणे समाजाला मान्यच होते. त्या मान्यतेच्या आडून त्यांनी खजिना आणि न्याय हातात ठेवला, ते दाखवा. तुकोजींशी पैशांवरून वर्षानुवर्षे चाललेली ओढाताण त्यासाठी सोन्यासारखी आहे. आणि १७९१ टाळू नका. जावई यशवंतराव फणसे वारल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने विनवण्या केल्या, पण मुलीने ऐकले नाही. सासऱ्याच्या शब्दामुळे जी स्वतः वाचली होती, तिचा शब्द राज्य हातात असूनही इथे चालला नाही. स्त्रीच्या सत्तेची हद्द इतकी स्पष्ट दिसणारा दुसरा प्रसंग मराठी इतिहासात शोधावा लागेल.

आमचे मत स्पष्ट आहे. पहिलीच कादंबरी असेल तर अहिल्याबाई घ्या, पण १७६६-६७ एवढाच काळ. पात्रे मोजकी, ठिकाणे कमी, कागद भरपूर. या काळात दरबार इंदूरला ठेवा, महेश्वर नंतरचे. वाचकाला न आवडणारी नायिका पेलायची तयारी असेल तरच ताराबाई. त्यातही १७०० ते १७०७ घेतलेत तर सरदारांची गर्दी आवरावी लागेल. डझनभर नावांतून चारच बोलती ठेवा. किल्ल्यांवरच्या रोजच्या व्यवस्थेसाठी रामचंद्रपंत अमात्यांचा ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरचा ग्रंथ हाताशी असू द्या. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा तुकडा म्हणजे १७५० ते ५२. सत्तरी ओलांडलेल्या ताराबाई, ज्याला आपला नातू म्हणून पुढे केले त्याच छत्रपती रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद करतात आणि जेजुरीला खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे अशी शपथ घेतात. इथे तिला निर्दोष ठरवायला गेलात तर प्रकरण पडेल.

कोणतीही निवडा, तारखांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. औरंगजेबाचा मृत्यू जुन्या इंग्रजी गणनेने २० फेब्रुवारी १७०७, नव्या गणनेने ३ मार्च. दोन पुस्तकांतून दोन पद्धतींच्या तारखा उचलल्या की निरोप घटनेच्या आधीच पोहोचतो, आणि जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.